पायाखालचा कापूस

सई आणि ईशान,

हे तुम्हा नवरा-बायको दोघांसाठी लिहिते आहे, पण सई, आधी तू वाच आणि मग ईशानला दे.

मागच्या महिन्यात तुझ्या डाव्या डोळ्यापुढे धुकं आलं, डोळा फिरवला की दुखू लागलं, आणि तपासण्यांनंतर तुमच्याकडच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं: मल्टिपल स्क्लेरोसिस. तुझ्या आईने मला फोनवर ते सांगताना आधी "तू बस" म्हटलं. मी बसलेलीच होते. दुसऱ्या दिवशी तू विचारलंस, "आजी, असं झालेलं कुणी तुझ्या ओळखीचं आहे का?" मी "हो" म्हटलं आणि पुढे बोलले नाही. तुला वाटलं, फोन कट झाला.

फोन चालू होता. मला भीती वाटली, एवढंच. हे नाव मी तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी, परळच्या एका सरकारी इस्पितळात ऐकलं होतं. तेव्हा जी भीती वाटली तीच परवा पुन्हा वाटली. बोलताना माझा आवाज हलतो, लिहिताना अक्षर हलत नाही, म्हणून लिहिते. हा आजार प्रत्येकाचा वेगळा असतो, असं तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि आताचेही सांगतात. परब बाईंचं झालं तसंच तुझं होईल असं समजू नकोस. मीही तसं समजायचं नाही, असं रोज सकाळी ठरवते.

तर परब बाई. सुमती परब. लालबागच्या मुलींच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचे आणि ती पी.टी. शिकवायची. मी ठाकूरद्वारची, कारकुनांच्या घरातली, छत्री विसरले तर अर्ध्या वाटेवरून परत जाणारी. ती शाळेपासून दोन गल्ल्या पलीकडे चाळीत राहणारी, मालवणची, जिने धावत चढणारी. पांढरं पातळ, त्याचा पदर कमरेला घट्ट खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात काळ्या दोरीला शिट्टी. बुटांना ती फळ्याच्या खडूने पांढरं करी. मी म्हटलं, हा खडू शाळेचा आहे. ती म्हणाली, बूटही शाळेतच झिजतात.

मला ती "मडम" म्हणायची. ड ला इंग्रजी वळण मुद्दाम न देता. मी वर्गात मुलींना एखादा इंग्रजी शब्द दहादा म्हणायला लावत असले, की ती दाराशी थांबून ऐकायची आणि नंतर म्हणायची, "मडम, पोरींची तोंडां दुखली. आता माझ्याकडे पाठव, पायही दुखांदेत."

तिची एक सवय सगळ्या शाळेला ठाऊक होती. डब्यात खोबऱ्याचं काहीही असलं, की ती आधी त्याचा वास घ्यायची. स्वतःच्या डब्यातलं, माझ्या डब्यातलं, मुख्याध्यापिकांनी दिलेल्या प्रसादाचंसुद्धा. नाक आक्रसलं की संपलं. "खवट झाला. फेकूचा. रडान गोडा होना नाय." हे वाक्य ती खोबऱ्यापुरतं ठेवत नसे. परीक्षेत नापास झालेल्या मुलीला, नवऱ्याशी भांडून आलेल्या शिपाईणबाईंना, सगळ्यांना तेच औषध.

लेझीम हा तिचा खरा विषय. आमच्या शाळेला मैदान नव्हतं, गच्ची होती. तिथे दुपारच्या उन्हात ती मुलींपुढे उभी राही, हलगीवर थाप पडली की शिट्टी फुंकी, आणि पन्नास लेझमी एकदम वाजत. शिकवण्याची पद्धत एकच. ती तोंडाने कधी काही समजावत नसे. मुलींना पहिल्या दिवशी सांगून ठेवलेलं असे: "बाई काय करतत ता करायचा. इचारायचा मागसून." ती वळली की त्या वळत, ती थांबली की थांबत. एकदा गच्चीवर तिच्या मानेवर माशी बसली म्हणून तिने मान झटकली, तर पन्नास माना झटकल्या गेल्या. मी जिन्यात उभी राहून हसले होते.

गिरण्यांचा संप सुरू झाला त्या वर्षीची ही गोष्ट. तिचा नवरा विष्णू गिरणीत विणकर होता. संप सुरू झाला तेव्हा सगळ्यांना वाटलं, महिना दोन महिने. मग पावसाळा आला, गेला, भोंगे वाजलेच नाहीत. लालबागच्या चाळींमधले पुरुष दिवसा घरी दिसू लागले आणि कुठे बसावं हे त्यांना कळेना. कितीतरी घरं गावाला निघून गेली. परबांचं घर टिकून होतं ते सुमतीच्या पगारावर. हे कुणी बोलत नव्हतं, पण विष्णू जेवताना मान वर करत नाही, असं तिने मला एकदा सांगितलं होतं.

त्याच सुमाराला तिचे पाय बिघडू लागले.

सुरुवात हसण्यावारी नेण्यासारखी होती. म्हणाली, पायाखाली कापूस पसरल्यासारखा वाटतो. जमीन लागतच नाही. "गिरणी बंद झाली, तर कापूस आमच्या घराक इलो." मी हसले. मग बोटांना मुंग्या येऊ लागल्या. मग ऑक्टोबरच्या उन्हात गच्चीवर तिचा तोल गेला आणि तिने कठडा धरला. मुलींना वाटलं, नवा प्रकार आहे. त्यांनीही कठडा धरला. या वेळी मला हसू आलं नाही. कारण शिट्टी तोंडात तशीच होती आणि वाजत नव्हती, आणि तिचे डोळे मला शोधत होते.

"कोणाक सांगू नको," ती खाली आल्यावर म्हणाली. "पी.टी.च्या बाईचे पाय गेले, तर बाई कित्याक ठेवतील?"

हे तिचं म्हणणं खरं होतं. आमच्या शाळेच्या व्यवस्थापनाने वर्षभरापूर्वी दम्याच्या कारणावरून एका गाण्याच्या बाईंना घरी बसवलं होतं. सुमती घरी बसली असती तर घरात दुसरा पगार नव्हता. तेव्हापासून मी तिच्यामागून जिना चढू लागले. ती पडली तर माझ्यावर पडावी म्हणून. मी तिच्याहून बारीक होते; दोघी पडलो असतो. पण तिच्या पुढे मला चालवत नव्हतं.

घरी मात्र लपवणं शक्य नव्हतं. विष्णूने पाहिलं आणि त्याला, बिचाऱ्याला, इतक्या महिन्यांनी करण्यासारखं एक काम मिळालं. तो पहाटे उठून स्टोव्ह पेटवी, पाणी तापवी, तिचे पाय गरम पाण्याच्या बादलीत ठेवून घोट्यापासून गुडघ्यापर्यंत तेल चोळी. वर तव्यावर तापवलेल्या वाळूची पुरचुंडी करून शेक देई. विणकराचे हात, तुटलेला धागा न बघता जोडणारे. चाळीतल्या बायका म्हणत, नवरा असावा तर असा. आपल्याकडे पाय धरले, वात झाला, अंगात थंडी शिरली, की शेक, हे कुणालाही ठाऊक असतं. मीही घरून निर्गुडीचं तेल नेऊन दिलं.

आणि शेक घेऊन आली की त्या सकाळी तिला शाळेचा जिना चढवत नसे. आम्ही समजलो, आजार वाढतो आहे. म्हणून विष्णू पाणी आणखी तापवू लागला.

मग दिवाळी आली. सुट्टी संपल्यावर तिने मला शिक्षक-खोलीच्या कोपऱ्यात जे सांगितलं, ते मी तिच्या क्रमाने सांगते. नरक चतुर्दशीची पहिली आंघोळ. विष्णूने संपातही उटणं आणलं होतं आणि बंब आदल्या रात्रीच धुऊन ठेवला होता. वाफा निघत असलेलं पाणी त्याने स्वतः तिच्या पाठीवर ओतलं. आंघोळीनंतर त्यांच्याकडे दारात डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात, ते छोटं कडू फळ. सुमती मोरीतून उठली आणि दिव्यांच्या जागी तिला फक्त पिवळट डाग दिसले. दोन्ही डोळ्यांना. तिने सणाच्या दिवशी ओरडायचं नाही म्हणून तोंड मिटलं, भिंतीला धरून दारापर्यंत गेली, विष्णूने कारीट पुढे ठेवलं तिथे अंदाजाने पाय ठेवला आणि दाबला.

"फुटला की नाय, माका कळला नाय गो," ती म्हणाली. "डोळ्यांका दिसला नाय आणि पायाकय लागला नाय. तो म्हणालो, फोड. मी म्हटलंय, फोडलंय. मागसून बघलंय, कारीट पायाखाली नव्हताच."

अंग निवल्यावर तासाभरात दृष्टी परत आली. चाळीतल्या एका म्हातारीने सांगितलं, संपामुळे कुणाची तरी नजर लागली आहे. सुमतीने नारळ उतरवून घेतला, त्याचा वास घेतला आणि म्हणाली, नारळ तरी बरा आहे. हे सांगताना ती हसली. मी तिचा हात धरला होता, तो बर्फासारखा गार होता. माझाही असणार.

बर्फावरून आठवलं, कारण पुढची गोष्ट त्याचीच आहे. त्या आठवड्यात शाळा सुटल्यावर आम्ही दोघी लालबागच्या बाजारात मासळी घ्यायला गेलो. ऊन होतं. हिराबाई कोळणीच्या पुढ्यात सुमतीचे गुडघे दुमडले आणि ती सरळ पाट्यांच्या मध्ये बसली. हिराबाईचा आवाज सगळ्या बाजाराला पुरेल एवढा. तिने सुमतीला ओढून उलट्या खोक्यावर बसवलं आणि पाय ठेवायला दुसरी जागाच नव्हती म्हणून ते बर्फाचं पाणी साचलेल्या घमेल्यात गेले.

"बस गो बाय," हिराबाई म्हणाली, "पन माझी कोलंबी तुडवलीस तर पैशे घेन."

मी घाबरून घाम पुसत उभी. टॅक्सी बोलवावी की विष्णूला. हिराबाईने ओला बर्फाळ फडका तिच्या मानेवरही टाकला, मासळीच्या वासासकट. आणि थोड्या वेळाने सुमती पायांकडे बघत म्हणाली, मडम, बोटं लागतात. कापूस गेला. ती उठली. घमेल्यातून बाहेर पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. हिराबाईला वाटलं तिच्या देवीने केलं. मला काहीच कळलं नाही आणि ते न कळणं जास्त भीतिदायक होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला ओढत परळच्या इस्पितळात नेलं. मज्जातंतूंचे डॉक्टर तरुण होते, दमलेले होते, आणि सगळं लिहून घेताना वर बघत नव्हते. सुमतीने कारिटाची गोष्ट सांगितली तेव्हा पेन थांबलं. "परत सांगा," ते म्हणाले. "आंघोळीचं." तिने सांगितलं. मग घमेल्याचं सांगितलं. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि डोळ्यांत दिवा टाकून पुष्कळ वेळ पाहिलं.

त्यांनी आजाराचं हेच नाव घेतलं आणि सांगितलं ते असं. मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या तंतूंवर एक आवरण असतं. या आजारात शरीराचे राखणदार चुकून त्या आवरणावरच धावून जातात. आवरण विरलं की संदेश कसाबसा पोचतो. अंग तापलं की तेवढाही पोचत नाही, निवलं की पुन्हा पोचतो. अशा रोग्याला गरम पाण्याच्या टबात बसवून पाहणं ही डॉक्टरांची एक जुनी तपासणीच होती. तुमच्या नवऱ्याने ती घरी रोज केली, असं ते म्हणाले आणि लगेच त्यांना आपण असं बोलायला नको होतं असं वाटलं असावं. उष्णतेने आजार वाढत नाही, फक्त लपलेला उघडा पडतो, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

सुमतीने विचारलं, "जातलो कधी?"

डॉक्टर म्हणाले, येतो, जातो, पुन्हा येतो. किती आणि कधी, ते कुणालाही सांगता येत नाही. सूज उतरवायची औषधं त्यांनी दिली. याहून जास्त त्यांच्याकडे तेव्हा नव्हतं. बाहेर बाकावर आम्ही दोघी बसून राहिलो. मला वाटत होतं मी तिला धीर द्यावा. तिनेच माझ्या पाठीवर हात ठेवला.

विष्णूला सांगायला मीही गेले. तो तेव्हा वाळू चाळत होता, खडे टोचू नयेत म्हणून. सुमतीने न बसता सांगून टाकलं. त्याने चाळण खाली ठेवली.

"म्हणजे रोज मीच तुका पाडी होतंय?"

तिने सांगितलं, पाडत नव्हतास, आजार कुठे आहे ते दाखवत होतास, डॉक्टर म्हणतात. तो ऐकत नव्हता. आपले हात उलटेसुलटे करून बघत होता. मग सुमती म्हणाली, काम संपलं नाही, बदललं. उद्यापासून बर्फ. हिराबाईकडे जायचं, फुकट मागायचा नाही, तिच्या पाट्या उचलून द्यायच्या. आणि विष्णू परब, संपात उभा असलेला विणकर, दुसऱ्या दिवसापासून कोळणीच्या पाट्या उचलू लागला. गिरणीतून कधीकाळी मिळालेल्या जाड कापडाच्या तुकड्यात बर्फ बांधून तो शाळेच्या फाटकाशी आणून देई. सुमती तो पातळाच्या आत, मानेवर बांधून गच्चीवर जाई. मुली म्हणत, बाईंना मासळीचा वास येतो. येत होता.

असे काही महिने गेले. मग शाळेचा स्थापना दिवस आला. तो होळीच्या सुमाराला असे. कार्यक्रम गच्चीवर, मांडवात, भर दुपारी. पुढच्या रांगेत मुख्याध्यापिका आणि व्यवस्थापनाची मंडळी. पाहुण्यांचं भाषण लांबलं. मी कडेला उभी होते आणि सुमतीच्या पाठीवरून पाणी ओघळताना मला दिसत होतं. म्हणजे बर्फ संपला होता. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मानेने नको म्हटलं. तिने शिट्टी तोंडाला लावली.

पहिले दोन प्रकार झाले. तिसऱ्यात पुढे पाऊल टाकायचं असतं. तिने टाकलं आणि मला दिसलं की ते पाऊल तिचं राहिलं नाही. गुडघा दुमडू लागला. व्यवस्थापनाच्या साहेबांची मान तिच्याकडे वळली होती. मला त्या क्षणी पुढचं सगळं दिसलं: कागद, सही, रिकामं घर.

ती पडली नाही. गुडघा जात होता त्याच बाजूला ती स्वतःहून गेली. एक गुडघा टेकला, दुसरा टेकला, मांडी घातली, आणि लेझीम डोक्यावर नेऊन ताल न चुकवता वाजवली.

बाई जे करतात ते करायचं. पन्नास मुली एका ठोक्यात खाली बसल्या.

बसून खेळायचे प्रकार लेझमीत असतात, पण आमच्या शाळेत ते कुणी कधी शिकवले नव्हते. सुमतीने तिथल्या तिथे हात बदलले, डावीकडे, उजवीकडे, छातीशी, आणि मुलींनी बदलले. हलगीवाल्यानेही ओळखलं, त्याने ताल उतरवला. साहेब टाळ्या वाजवत होते. मुख्याध्यापिका माझ्या कानाशी म्हणाल्या, परब बाईंनी यंदा नवीन बसवलंय वाटतं. मी हो म्हटलं. कार्यक्रम संपल्यावर लोक चहाला गेले तरी सुमती बसूनच होती. मी आणि दोन मोठ्या मुलींनी तिला सतरंजीची घडी करतो आहोत अशा बेताने उठवलं. ती हळूच म्हणाली, "मडम, भियालस?" मी म्हटलं, हो. "मीय," ती म्हणाली. एवढ्या वर्षांत तिने हे एकदाच कबूल केलं.

तिची नोकरी त्या दिवशी राहिली आणि नंतरही बरीच वर्षं राहिली. संप कधी संपला ते कुणालाच नीट सांगता येत नाही. गिरण्या मात्र संपल्या. विष्णू एकदा गिरणीतल्या आपल्या बंद खात्यात जाऊन आला आणि साचे, म्हणजे माग, गंजले, एवढंच म्हणाला. पुढे त्याला कॉटन ग्रीनला गोदामावर पहारेकऱ्याची नोकरी लागली. सुमतीचा एक डोळा मंद झाला, हातात काठी आली. शेवटी शाळेने तिला खालच्या मजल्यावरचे वर्ग दिले, पण लेझमीच्या वेळी मुली तिची खुर्ची गच्चीवर नेत.

परवा तुझ्या आईने पाठवलेली पानं मी भिंग घेऊन वाचली. सुजेच्या जागी त्या राखणदार पेशी प्राणवायूची जहाल रूपं सोडतात, असं त्यात आहे. जंतू मारायला ती उपयोगाची, पण तंतूंवरचं आवरण बरंचसं स्निग्ध असतं, आणि ती त्या स्निग्धालाच लागतात. तंतूला बळ पुरवणारी आतली यंत्रणाही त्यात होरपळते, म्हणून सूज उतरली तरी झीज मंद चालू राहू शकते. लोखंड गंजतं, खोबरं खवट होतं, त्याच जातीची ही क्रिया. हे वाचून मी भिंग खाली ठेवलं. सुमतीला आयुष्यभर ज्याचा वास दुरून येत असे, ते तिच्या डोक्यात चाललं होतं आणि तिथे तिचं नाक पोचत नव्हतं. खवट झालं ते फेकायचं, हे खरं. पण हे कुठे फेकणार?

त्याच पानांत पुढे औषधांची नावं आहेत. परबांच्या वेळी त्यातलं एकही नव्हतं. ती नावं मी रोज एकदा वाचते, स्तोत्रासारखी.

तिला मी शेवटची पाहिली ती जानेवारीत, मुंबईत जे चार गार दिवस पडतात त्यातल्या एका सकाळी. मी निवृत्त झाले होते, काही कागदांसाठी शाळेत गेले होते. ती रस्त्याच्या पलीकडून येत होती. गारव्यात तिचे पाय तिचे असत. काठी तिने काखेत धरली होती, शिट्टी गळ्यात होती, आणि ती स्वतःशी मोठ्याने म्हणत होती, एक, दोन, तीन, चार, एक, दोन, तीन, चार. मी हाक मारली नाही. तिचा ताल चुकला असता. ती फाटकातून आत गेली. त्यानंतर ते दोघे गावी गेले आणि काही वर्षांनी ती गेल्याचं विष्णूचं पत्र आलं.

सई, मला अजूनही भीती वाटते, आणि तुलाही वाटत असेल. ती वाटू दे. तुला हा आजार जवळून पाहिलेलं माणूस हवं होतं, म्हणून सांगितलं.

लालबागची ती शाळा आहे. गच्चीवर आता पत्रा घातला आहे. तिथल्या मुली लेझीम खेळताना आधी खाली बसतात, आणि मग उठतात. असं का, ते शाळेत कुणाला माहीत नाही.

तुमची आजी